पाचवं कार्ड आणि जगदाळे सुभेदार

आमच्या कॉलनीत कुणी भिंतीवर खिळा ठोकायला घेतला, की तिसऱ्या घरातून आवाज येतो, "चार!" थोड्या वेळाने, "सात!" आणि खिळा वाकून खाली पडला की निकाल, "तिनाचा खिळा हाय त्यो. सात मारलासा. चार वर!"

हा आवाज सुभेदार तुकाराम जगदाळे यांचा. जगातल्या प्रत्येक कामाला किती फटके लागावेत हे देवाने आधीच ठरवून ठेवलंय, आणि त्याची यादी आपल्याकडे दिलीय, अशी त्यांची खात्री आहे. नारळाला तीन. हापशाला घागरीमागे चौदा. माझी जुनी स्कूटर सकाळी नवव्या किकेला सुरू होते, तेव्हा कुंपणापलीकडून ठरलेला शेरा येतो, "दोनची गाडी हाय सर. सात वर! इकून टाका, न्हाईतर चालत जावा." एकदा मी वैतागून म्हणालो, "सुभेदार, सकाळी सकाळी माणसाचे फटके कसले मोजता?" ते शांतपणे म्हणाले, "मोजलं न्हाई तर कळनार कसं, किती चुकलं?" अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला हा धडा शेजाऱ्याकडून मिळाला, ही गोष्ट मी अजून कॉलेजात कुणाला सांगितलेली नाही.

सुभेदार मूळचे म्हसवडकडचे, माण तालुक्यातले. त्या बाजूला घरटी एक माणूस फौजेत असतो. सिद्धनाथाच्या यात्रेला सगळे निवृत्त फौजी गावात जमतात, पारावर बसतात आणि बर्फाच्या, दरीच्या, गोळीबाराच्या गोष्टी सांगतात. सुभेदारांची पाळी आली की ते म्हणतात, "आमच्या बाराव्या होलला पानी व्हतं." गाव अदबीने मान हलवतं. कारण सुभेदारांची निम्मी नोकरी गेली फौजेच्या गोल्फच्या मैदानावर. आधी साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहिली, मग मैदान सांभाळलं, आणि शेवटी स्पर्धांची कार्डं तपासली. निवृत्त होऊन सांगलीला आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक, एक बिछाना आणि गोल्फचे सगळे नियम तोंडपाठ, एवढीच मालमत्ता होती. सांगलीत हळद आणि गूळ सोडून कशाचे सौदे होत नाहीत. गोल्फच्या नियमांना गिऱ्हाईक कुठलं?

पण गिऱ्हाईक आलं. कवठे महांकाळकडच्या माळावर एका साखर कारखान्याच्या हौशी अध्यक्षांनी नऊ होलचं मैदान काढलं आणि सातारा-सांगलीच्या कॉलेजांसाठी फिरता चषक जाहीर केला. आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. "सर, कबड्डीत आपण पहिल्या फेरीत जातो. खो-खोत पहिल्या फेरीत जातो. या खेळात एकूण संघच सहा आहेत. म्हणजे सहावे तर येऊच!" अशा उदात्त ध्येयाने मी संघाचा व्यवस्थापक झालो. पहिल्या वर्षी मी फोनवर आकडे कळवले, तेव्हा प्राचार्य आनंदाने ओरडले, "म्हणजे आपलेच सगळ्यात जास्त! अभिनंदन!" गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो, हे मी त्यांना हळूच सांगितलं. त्यांनी आकडे पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं मुलांना."

स्पर्धेला गुणलेखक हवा होता. मी सुभेदारांचं नाव सुचवलं. तेव्हापासून दरवर्षी त्या माळावर एका बाभळीखाली एक लाकडी टेबल, त्यावर कार्डांची पेटी, आणि टेबलामागे कडक इस्त्रीत सुभेदार, असं दृश्य दिसतं.

मैदान म्हणजे काय, ते सांगायला हवं. होलभोवती गुळगुळीत हिरवळ असावी, असं पुस्तकात लिहिलंय. कवठे महांकाळच्या माळाने ते पुस्तक वाचलेलं नाही. तिथे हिरवळीच्या जागी वाळू पसरून, तेल शिंपडून, रूळ फिरवून गोल केलेले आहेत. नऊ होल दोनदा खेळायचे, म्हणजे अठरा झाले. मधे धनगरांची मेंढरं. एका वर्षी एक मेंढी बॉलवरच बसली. खेळाडू, व्यवस्थापक, सगळे मेंढीभोवती गोल करून उभे. सुभेदार आले, त्यांनी धनगराला मेंढी उठवायला सांगितली आणि निकाल दिला, "बॉल व्हता तितंच ठेवा. मेंढी भायेरची हाय. दंड न्हाई." धनगर खवळला. "भायेरची कशी वो? आज्यापासनं हितंच चारतोय आमी. भायेरचं तुमी!" सुभेदारांनी क्षणभर विचार केला आणि टोपी काढून म्हणाले, "ते बी खरं हाय." पण बॉल जिथल्या तिथेच ठेवला.

आता हिशेब. पाच जणांचा संघ. मुलं-मुली एकत्र, कारण नुसत्या मुलींचे सहा संघ आणायचे कुठून? तुमचे फटके तुम्ही लिहायचे नाहीत. ते दुसऱ्या कॉलेजचा खेळाडू तुमच्या कार्डावर लिहितो. खेळ संपला की तुम्ही प्रत्येक होलचा आकडा तपासायचा, खाली दोन रेघा असतात, एकीवर लिहिणाऱ्याने सही करायची, दुसरीवर तुम्ही. सही करून कार्ड दिल्यावर एखाद्या होलला खऱ्यापेक्षा कमी आकडा निघाला, तर तुम्ही बाद. जास्त निघाला, तर तो जास्तीचाच तुमच्या गळ्यात. मग पाचांतली कमी फटक्यांची चार कार्डं धरायची, त्यांची बेरीज म्हणजे संघाचे फटके. सर्वांत जास्त फटक्यांचं पाचवं कार्ड बाजूला.

हे बाजूला ठेवलेलं कार्ड म्हणजे सुभेदारांचं खास वेड. ते कार्डसुद्धा ते वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा बेरीज करून तपासत, पिन लावून ठेवत. नियम ठरवायच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी हट्टाने एक कलम घालून घेतलं होतं. दोन संघांची बरोबरी झाली, तर दोघांचं पाचवं कार्ड बघायचं, ज्याचं कमी त्याला चषक, आणि ज्याचं पुरं नाही त्याला काही नाही. चार-चार कार्डांची बेरीज कधी सारखी येते होय? सगळे हसले. व्यवस्थापकांत त्याला "सुभेदारांची पाचवी" असं नाव पडलं. तिचा उपयोग तोवर कधी झाला नव्हता.

सुभेदार आमचे शेजारी, तेव्हा आमच्या संघाकडे थोडं झुकतं माप पडेल, अशी माझी एक साधी, मानवी अपेक्षा होती. दोन वर्षांपूर्वी ती मोडली. आमच्या कप्तानाच्या कार्डावर एका होलला चारच्या जागी सहा लिहिलं गेलं होतं. पोराने घाईत सही केली. चषक एका फटक्याने गेला. लिहिणारा मुलगाच येऊन कबूल करत होता, की चूक माझी. मी सुभेदारांना म्हणालो, "अहो, सगळ्यांनी पाहिलंय, चारच झाले होते!"

"व्हय. म्या बी बघितलं," सुभेदार म्हणाले.

"मग?"

"मग काय? ल्हिवलं ते खरं, बोललं ते वारं."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. स्कूटरला किका मारताना कुंपणापलीकडूनही आवाज आला नाही. नवव्या दिवशी "सात वर" ऐकू आलं आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

या वर्षी संघ चांगला होता. चषक येणार, अशी प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये घोषणासुद्धा करून टाकली. फक्त पाचवा भिडू नव्हता. जो होता त्याने आठवडाभर आधी पाय मुरगाळून घेतला. चारच जण असतील तर संघच धरत नाहीत. तेव्हा मी वर्गात हात वर करायला सांगितला. एकच हात वर आला, अस्मा शिकलगारचा. वडिलांचं कवठे महांकाळला कात्र्या-विळ्यांना धार लावायचं दुकान. तिने गोल्फची काठी आयुष्यात पाहिलेली नव्हती. मी तिला म्हणालो, "घाबरू नको, तुझं कार्ड धरणारच नाहीत. नुसतं चालून ये." हे मी धीर देण्यासाठी म्हणालो होतो. त्यात काय चुकलं, ते मला पुढे कळलं.

स्पर्धेच्या दिवशी ऊन रणरणत होतं. आमचे चौघे सुरेख खेळले. एकोणऐंशी, चौऱ्याऐंशी, शहाऐंशी, नव्वद. मी कागदाच्या कडेला बेरीज करत होतो आणि अस्माला साफ विसरलो होतो. ती शेवटच्या जोडीत. दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या होलला, म्हणजे बाराव्याला, तिचा बॉल कोरड्या ओढ्यात गेला. तिथून तिने नऊ फटके मारले आणि बॉल ओढ्यातच राहिला. मी पोचलो तेव्हा ती दगडावर बसून ओढणीने डोळे पुसत होती. तिचं कार्ड लिहिणारा दुसऱ्या कॉलेजचा मुलगा भुकेने कासावीस होऊन आकाशाकडे बघत होता.

"सर, मी जाऊ? माझं कार्ड तसंही धरणार नाहीत."

आणि मी, अर्थशास्त्राचा माणूस, फायद्या-तोट्याचा हिशेब करून म्हणालो, "जा."

"बसायचं न्हाई!" मागून आवाज आला. सुभेदार टेबल सोडून तिथवर आले होते. ते टेबल सोडत नाहीत. जेवणसुद्धा तिथेच. "किती झालं?"

"खूप झाले आजोबा."

"खूप हा काय आकडा हाय? किती?"

अस्माने बोटांवर मोजलं. "तेरा."

"मग चौदावा मार. सात होल हायती अजून."

"पण कसा मारू? काठी कुठली—"

"म्होरं बोलू नगंस! सल्ला इचारलास तर दोन फटकं दंड हाय." आणि सुभेदार पाठीमागे हात बांधून ओढ्याच्या काठावर उभे राहिले.

चौदावा फटका वर आला. तिथून पुढे सातही होल सुभेदार तिच्याबरोबर चालले. एक शब्द मदत केली नाही. ती मारायची, ते आकडा म्हणायचे. "पाच." "सा." तिचा बॉल बाभळीत गेला की हे उन्हात उभे. पण हळूहळू पोरीचं रडणं थांबलं. मग तीच आधी आकडा सांगायला लागली आणि सुभेदार नुसती मान हलवायला लागले. सोळाव्या होलला तिने पाच फटक्यांत बॉल घातला आणि दोन्ही हात वर करून नाचली. बाकीचे सगळे मंडपात जेवत होते. बघायला मी, सुभेदार, तो उपाशी मुलगा आणि मेंढरं.

टेबलाशी आल्यावर तिने कार्ड तपासलं. बेरीज एकशे चौतीस. सुभेदारांनी पेन पुढे केलं. अस्माने ते घेतलं नाही. चौदाव्या होलच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं आठ लिहिलेत. नऊ झाले होते. एक नुसता हवेत गेला, बॉलला लागलाच नाही, पण मी मारला होता." सुभेदारांनी लिहिणाऱ्या मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "हो, पण मला वाटलं, हवेतला कशाला धरायचा…" त्याने आकडा दुरुस्त केला. एकशे पस्तीस. दोघांनी सह्या केल्या. सुभेदारांनी चष्मा काढून तो नको इतका वेळ पुसला. मला त्या पोरीचा जो अभिमान वाटला, तो मी तिला तिथेच सांगितला. ती म्हणाली, "सर, मला आधी जेवायला मिळेल का?"

मग बेरजा सुरू झाल्या. आमचे चौघे, तीनशे एकोणचाळीस. साताऱ्याच्या कॉलेजचे एक्याऐंशी, ब्याऐंशी, सत्त्याऐंशी आणि एकोणनव्वद. सुभेदारांनी वरून खाली बेरीज केली. खालून वर केली. पुन्हा वरून खाली केली. तीनशे एकोणचाळीस!

"पाचवं कार्ड," सुभेदार म्हणाले. मंडपातले सगळे व्यवस्थापक टेबलाकडे वळले.

साताऱ्याच्या सरांचा चेहरा पडला. त्यांचा पाचवा भिडू अकरा होल खेळून, आपलं कार्ड धरणार नाहीत असं कळल्यावर, सगळ्यात आधी पंगतीला बसला होता. "अहो, हा काय न्याय झाला? खेळ चौघांचा आहे!" ते चिडून म्हणाले.

"मग चौघंच आनायचं व्हतं. पाच का आनलासा?" सुभेदारांचा आवाज चढला नव्हता. "पोराला हितवर आनलं, उन्हात उभं केलं, आन वर सांगितलं, तू धरला न्हाईस. मग त्यो जेवायला जानारच की. त्येची चूक न्हाई सर. तुमची हाय."

साताऱ्याचे सर खाली मान घालून बसले. त्यांच्याबरोबर मीही घातली. माझ्या मानेचं कारण फक्त मला, अस्माला आणि सुभेदारांना माहीत होतं, आणि त्या दोघांनी ते कुणाला सांगितलं नाही.

चषक आमचा झाला! अध्यक्ष तो हातात घेऊन व्यासपीठावर उभे, फोटोवाला तयार, आमचा कप्तान पुढे निघाला, तेवढ्यात सुभेदारांनी माईक घेतला. त्यांना कुणी दिला नव्हता. त्यांनी पिन लावलेली कार्डं काढली आणि सहाही कॉलेजांच्या पाचव्या खेळाडूंची नावं एकेक करून वाचली, फटक्यांसकट. "शंभर आन चार. उभं ऱ्हावा. शंभर आन अकरा. उभं ऱ्हावा." साताऱ्याच्या पोरालाही उभं केलं. "अकरा होल. चांगलं चालला व्हतास गड्या. फुडल्या साली पुरं कर." पोरगं लाजलं, पण हसलं. शेवटी "अस्मा शिकलगार, एकशे पस्तीस," म्हटल्यावर मंडप टाळ्यांनी दणाणला. तेवढा वेळ अध्यक्ष जड चषक धरून उभेच होते. मी प्राचार्यांना फोन करून एकशे पस्तीस हा आकडा सांगितला. ते सावधपणे म्हणाले, "हे जास्त चांगलं की कमी?" मी म्हणालो, "सर, आज जास्तच चांगलं."

मुलं बसने ओरडत पुढे गेली. सुभेदार माझ्या स्कूटरवर मागे बसले. सांगलीच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. दुपार कलली होती. मी बरीच वर्षं मनात असलेलं विचारलं, "सुभेदार, तुम्ही नेहमी दुसऱ्यांची कार्डं तपासता. तुम्ही स्वतः कधी खेळलात?"

"एकदा."

त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत.

"पल्टनींची स्पर्धा व्हती. एक साहेब तापानं पडलं. पाच पुरं करायचं म्हनून मला उभं केलं. मी तवा नाईक. इकडं मंडळी गावाला. तिला पत्र टाकलं, उद्या मी खेळनार हाय, साहेबांच्या बरुबरीनं, कार्डावर माजं नाव ल्हेनार हायती. खेळलो. सत्त्याण्णव. शेवटाला कारकुनानं चार कार्डं लावली आन माजं चुरगाळून टाकलं. मी उचलनार व्हतो. पन साहेब उभं व्हतं." त्यांनी बशी बाजूला सरकवली. "तिनं मास्तरांकडनं उलट पत्र ल्हिवून घेतलं, येताना कार्ड घिऊन या, मला बघायचं हाय. सुट्टीला गेलो तवा सांगितलं, प्रवासात हरवलं. ती जाईस्तवर अदनंमदनं इचारायची, घावलं का वो?"

माझ्या पिशवीत कोरी कार्डं उरलेली होती. मी एक काढलं. वर खेळाडूच्या जागी ठळक अक्षरात लिहिलं, तुकाराम जगदाळे. "सांगा," म्हणालो, "पहिला होल?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग समोरच्या रस्त्याकडे बघत सांगायला लागले. "पयला पाच. दुसरा सात, तितं वारं व्हतं. तिसरा चार." चाळीसेक वर्षं झाली असतील. एकाही होलला अडखळले नाहीत. बारावा आठ, पाण्यामुळे. सतरावा तीन. तो सांगताना त्यांनी टेबलावर हलकेच बोट आपटलं. मी बेरीज केली, वरून खाली आणि खालून वर. सत्त्याण्णव.

मी लिहिणाऱ्याच्या रेघेवर सही करायला पेन टेकवलं, तर त्यांनी माझा हात धरला. "तुमी व्हतासा का तितं?"

"नव्हतो. पण—"

"मग न्हाई करायची."

पेन माझ्या हातातून घेऊन त्यांनी खेळाडूच्या रेघेवर सावकाश सही केली. दुसरी रेघ कोरीच राहिली. मी उगाच नियमाचं बोललो. "मग सुभेदार, एका सहीचं कार्ड धरणार कसं?"

"स्पर्धेला धरत न्हाईत," ते म्हणाले, आणि कार्डावरची सगळ्यात वरची ओळ अंगठ्याने हळूच पुसून बघितली, शाई वाळलीय का ते. "पन तिला चाललं असतं सर. तिला ल्हेया-वाचाय येत न्हवतं. पाकिटामागं बघून बघून माजं नाव तेवढं वळखायची."